एरहू: घरी होणारी दुरुस्ती आणि विमानातून नेण्याची रीत

एरहू हे दोन तारांचे चिनी गजवाद्य. सिंगापूरच्या शाळांमधल्या चिनी वाद्यवृंदात वाजवणारी मराठी मुले किंवा शांघाय-हाँगकाँगला नोकरीसाठी राहताना शिकायला लागलेली मोठी माणसे सुट्टीला घरी येताना ते बरोबर आणू पाहतात. मग दोन प्रश्न उभे राहतात. वाद्य बिघडले तर दुरुस्त कुठे करायचे, आणि विमानतळावर अडवले तर काय करायचे? दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे: डब्याच्या तोंडावर ताणून चिकटवलेले अजगराचे कातडे. आवाज त्याच्यामुळे, नाजूकपणा त्याच्यामुळे आणि कायद्याची अडचणही त्याच्यामुळेच. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर आधी कातड्याचा विचार केला आहे.

आधी भाग ओळखा

वाद्याची उंची साधारण ८० सेंटीमीटर. खाली लाकडी डबा, बहुतेक षटकोनी. काही अष्टकोनी किंवा गोलही असतात. डब्याची लांबी सुमारे १३ सेंटीमीटर आणि पुढच्या तोंडाची रुंदी ९ सेंटीमीटरच्या आत-बाहेर. पुढच्या तोंडावर कातडे, मागे कोरीव जाळी. डब्यातून आरपार गेलेली लांब दांडी, तिच्या वरच्या भागात दोन खुंट्या, डब्याच्या खाली जड बैठक आणि तिथेच तारांचे फासे अडकवायचा छोटा खुंटा.

दांडीला पट्टी नाही, पडदे नाहीत. बोटे तारेवरच दाबली जातात, दांडीपर्यंत पोहोचत नाहीत. दांडीच्या वरच्या भागात दोऱ्याचा एक वेढा तारांना दांडीकडे ओढून धरतो. त्याला च्येनचिन म्हणतात. तारेची वाजणारी लांबी या वेढ्यापासून घोडीपर्यंत मोजायची. घोडी म्हणजे कातड्याच्या मधोमध उभा असलेला लाकडाचा छोटा तुकडा. घोडीच्या खालच्या बाजूला, तारा आणि कातडे यांच्यामध्ये नमद्याची किंवा स्पंजची छोटी गादी सरकवलेली असते.

शरीराकडची जाड तार आतली, दुसरी बारीक तार बाहेरची. आतल्या तारेची खुंटी वर असते, बाहेरच्या तारेची खाली. आतली तार हार्मोनियमच्या मध्य सप्तकातल्या पांढरी दोनला मिळवतात, बाहेरची पांढरी सहाला, म्हणजे ४४० हर्ट्झला. आतलीला सा धरले की बाहेरची प. कान तयार असेल तर हा षड्ज-पंचम भाव ट्यूनरशिवायही नेमका पकडता येतो.

गजाचे केस या दोन तारांच्या मधून गेलेले असतात. एक तार काढल्याशिवाय किंवा केसांचे एक टोक सोडल्याशिवाय गज वेगळा होत नाही. पॅकिंग करताना हे लक्षात ठेवा.

पेटीत काय ठेवायचे

तारांचा एक जादा संच, दोन जादा घोड्या, च्येनचिनसाठी दीड मीटर मजबूत सुती किंवा नायलॉन दोरा, नमद्याचे दोन-तीन वेगवेगळ्या जाडीचे तुकडे, मऊ कोरडा ब्रश, सुती फडके, लहान फूटपट्टी, शिसपेन्सिल, पांढरा खडू आणि रोझिन, म्हणजे गजाच्या केसांना लावायची राळ. गोंद ठेवू नका. गोंद जवळ असला की तो वापरावासा वाटतो, आणि एरहूवर नवख्याने गोंद वापरावा अशा जागा जवळजवळ नाहीतच.

तार बदलणे

आधी घोडीच्या जागेचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी धरून. कातड्यावर पेन्सिलची खूण करायची नाही.

दोन्ही तारा एकदम कधीही काढू नका. घोडी कातड्यावर केवळ तारांच्या दाबाने उभी असते. दोन्ही तारा सुटल्या की ती पडते, आणि बरेच दिवस ठरावीक दाबाखाली असलेले कातडे एकदम मोकळे होऊन पुन्हा बसायला वेळ घेते. एक तार पूर्ण बसवून सुरात आणा, मग दुसरीला हात लावा.

जुनी तार सैल करून खालचा फासा सोडवा. नवीन तारेचा फासा खुंट्यात अडकवा, तार घोडीच्या खाचेत ठेवा, च्येनचिनमधून वर काढा आणि तिच्या खुंटीच्या भोकात घाला. खुंटीपलीकडे पाच-सहा सेंटीमीटर तार शिल्लक ठेवून पहिला वेढा तारेच्याच टोकावर घ्या, म्हणजे टोक आवळून बसते. पुढचे वेढे एकाशेजारी एक, एकमेकांवर न चढता. ताण देण्यापूर्वी गजाचे केस दोन तारांच्या मधे आहेत ना, ते बघा. नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक हीच: तार सुरात येते आणि गज बाहेर राहिलेला असतो.

ताण हळूहळू द्या आणि दर थोड्या वेळाने घोडीकडे बाजूने पाहा. तार खुंटीकडे ओढली जाते तशी घोडीही वर झुकते. झुकलेली दिसली तर तार थोडी उतरवा आणि दोन बोटांनी घोडी सरळ करा. नवी तार पहिले दोन-तीन दिवस उतरत राहते, त्याची काळजी नको. बाहेरची तार मात्र बारीक आणि बरीच ताणलेली असते. सुराच्या वर गेली की तुटते, म्हणून नेहमी खालून वर या.

तार तुटली तर ती कुठे तुटली ते पाहा. खुंटीपाशी तुटली तर वेढे एकमेकांवर चढले असतील किंवा भोकाची कड धारदार असेल. घोडीपाशी तुटली तर खाच खोल किंवा अरुंद झाली आहे. च्येनचिनपाशी तुटली तर दोऱ्याखाली गंज किंवा रोझिनचा थर असण्याची शक्यता. कारण न काढता नवी तार चढवली तर तीही त्याच जागी तुटेल.

च्येनचिन बांधणे

दोरा झिजला की सूर सरकायला लागतो. नवीन बांधताना तारा सुरापेक्षा बऱ्याच सैल करा, पण घोडी उभी राहील इतका ताण ठेवा. मोठ्या माणसासाठी घोडीपासून ३८ ते ४० सेंटीमीटरवर जागा धरा. लहान हातांसाठी थोडी खाली.

दोऱ्याचे एक टोक दांडीला गाठ मारून पक्के करा. मग दोन्ही तारा आणि दांडी यांना मिळून दहा-बारा वेढे द्या, एकमेकांना लागून. हे वेढे थोडे ढिले असू द्या. त्यानंतर उरलेला दोरा तारा आणि दांडी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून आडवा नेऊन, आधीच्या वेढ्यांनाच मधून आवळत चार-पाच फेरे घ्या. प्रत्येक फेऱ्यागणिक तारा दांडीकडे ओढल्या जातात. तार आणि दांडी यांच्यात सुमारे २ सेंटीमीटर अंतर राहिले की थांबा आणि गाठ मारा. अंतर फार ठेवले तर बोटाला तार जड लागते आणि दाबताच सूर चढतो. फार कमी ठेवले तर घोडीवरचा दाब बदलतो आणि आवाज पातळ होतो. दोन्ही तारा सारख्या अंतरावर आहेत का, ते समोरून आणि बाजूने पाहा.

घोडी आणि गादी

आवाज बसका झाला की नवखा माणूस लगेच कातड्याला दोष देतो. आधी घोडी पाहा. तिचे दोन्ही पाय कातड्याला पूर्ण टेकायला हवेत. पायाखाली कागदाचा कपटा सरकवून पाहा. एका बाजूने आत गेला तर पाय वाकडा आहे. काचेच्या तुकड्यावर बारीक सँडपेपर ठेवून त्यावर पाय हलक्या हाताने घासा, चार-पाच हात मारून पुन्हा तपासा. हे घासणे नेहमी घोडी बाहेर काढून. कातड्यावर सँडपेपर ठेवून कधीच नाही. तारांच्या खाचा तारेच्या अर्ध्या जाडीइतक्याच खोल हव्यात, आणि त्यात शिसपेन्सिल फिरवली की तार अडकत नाही.

घोडीची जागा कातड्याचा मध्य किंवा मध्याच्या किंचित वर. एक-दोन मिलिमीटर सरकवल्याने आवाजात मोठा फरक पडतो. तेव्हा थोडे सरकवा, वाजवून ऐका, मगच पुन्हा सरकवा. सरकवताना आधी तारा उतरवा, नाहीतर पाय कातडे खरवडतात.

वरच्या स्वरांवर आवाज एकदम घोगरा होऊन गुरगुरला तर गादी बदलून पाहा. जाड गादीने गुरगुर जाते, पण आवाजही दबतो. पातळ नमद्यापासून सुरुवात करा आणि गरजेइतकेच वाढवा. वेगळ्या लाकडाची घोडी लावूनही कधी कधी हा दोष निघून जातो.

खुंट्या, गज, साफसफाई

लाकडी खुंटी घसरत असेल तर ती बाहेर काढून पुसा, भोकात टेकणाऱ्या भागावर खडू घासा आणि फिरवताना आत दाबत बसवा. खडूने भागले नाही तर खडूबरोबर चिमूटभर रोझिनची पूड. पावसाळ्यात उलटा त्रास होतो: लाकूड फुगून खुंटी अडकते. ती जोराने पिळू नका, डोके तुटते. बाहेरच्या दिशेने हलके ओढत मागेपुढे हलवा. तेल घालू नका. ते लाकडात मुरते आणि मग खुंटी कधीच धरत नाही. दातेरी यंत्राच्या खुंट्या असतील तर बहुतेक वेळा बाजूचा छोटा स्क्रू पाव फेरा आवळला की काम होते. खुंटीचे भोक झिजून मोठे झाले असेल तर मिरजेतल्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांसारखा खुंट्या बसवणारा जाणता हात शोधा. दांडी तडकली असेल तरी वाद्य अशाच कारागिराकडे द्या. पण कातड्याला हात लावू नका, असे त्याला आधीच स्पष्ट सांगा.

गजाची काठी बांबूची, केस घोड्याचे. व्हायोलिनच्या गजाइतके केस इथे ताणायचे नसतात. वाजवताना उजव्या हाताची बोटे उरलेला ताण देतात. वाजवून झाले की मुठीचा स्क्रू सैल करा. केस तेलकट झाले असतील तर कोमट पाणी आणि सौम्य साबण फडक्याला लावून फक्त केस पुसा, बांबू ओला होऊ देऊ नका. पूर्ण वाळल्यावरच रोझिन लावा.

रोझिनची पूड डब्यावर आणि कातड्यावर साचते. वाजवल्यावर लगेच कोरड्या ब्रशने झटका. जुनी पूड घट्ट झाली की काढणे अवघड जाते. कातड्यावर पाणी, स्पिरिट, खोबरेल तेल, फर्निचर पॉलिश यांतले काहीही नको. स्पिरिटने कातडे कोरडे पडते, तेलाने जड होते आणि आवाज कायमचा बदलतो.

कातडे: काय पाहायचे, कधी थांबायचे

कातडे हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते ढिले पडते. घोडी खोल बसल्यासारखी दिसते, आवाज मंद होतो. पुण्याच्या एप्रिलात किंवा एसीच्या खोलीत ते आवळते. आवाज टणक आणि किरटा होतो, आणि कडेने उकलण्याचा किंवा चिरण्याचा धोका वाढतो. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि हवा ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, कोरड्या दिवसांत दोन्ही बाजूंनी काम करणारी आर्द्रतेची पाकिटे.

आपल्याकडे हलगी किंवा डफ शेकोटीवर धरून कातडे तापवायची रीत आहे. एरहूला ती चालत नाही. ऊन, हेअर ड्रायर, इस्त्रीची वाफ, काहीच नको. डब्याच्या कडेचा गोंद उष्णतेने सुटतो आणि खवल्यांमधली पातळ जागा फाटते. ढिले पडलेले कातडे पुन्हा ताणणे घरचे काम नाही. कारागीर नवे कातडे भिजवून, दोऱ्यांनी आणि पाचरींनी किंवा जॅकने ठरावीक ताण देत चिकटवतो. त्याला अवजारे लागतात आणि सवयीचा हात लागतो.

महिन्यातून एकदा डबा उजेडात तिरका धरून पाहा. कड उचलली आहे का, घोडीखाली खड्डा पडला आहे का, खवल्यांच्या ओळींमध्ये रेघ दिसते का? मागच्या जाळीतून टॉर्चचा उजेड टाकला की बारीक चीरही दिसते. कड उचललेली दिसली तर वाजवणे थांबवा, तारा उतरवा, घोडी काढा आणि वाद्य कारागिराकडे जाईपर्यंत तसेच ठेवा. तेवढाच भाग चिकटवला तर त्या बाजूचा ताण वेगळा होतो आणि चीर दुसरीकडून जाते.

नवे कातडे बसवायची वेळ आली तर विमानप्रवासाचा विचार तिथेच करा. जुन्या कातड्याचे कागद नव्या कातड्याला लागू पडत नाहीत. हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्राने अजगराच्या कातड्याऐवजी पीईटी या पॉलिस्टरचा पडदा वापरून या घराण्यातली वाद्ये घडवली आहेत आणि रंगमंचावर वाजवली आहेत. कातड्याचा गोडवा हवा असणाऱ्यांना तो आवाज थोडा वेगळा वाटेल. पण वर्षातून दोनदा भारतात ये-जा करणाऱ्या शिकाऊ वादकासाठी पीईटीचा एरहू हीच शहाणपणाची निवड आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओलावा त्याला बाधत नाही, आणि पुढचा मोठा भाग वगळून तुम्ही थेट पॅकिंगकडे जाऊ शकता.

कागदपत्रे, तिकिटाच्या आधी

वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात १९७६ पासून आहे, चीन १९८१ पासून. अजगरांच्या सगळ्या जाती त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे सीमा ओलांडताना परवानगीचा प्रश्न येतो. आपला भारतीय अजगर मात्र पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही.

एरहूचे कातडे सहसा बर्मी अजगराचे. त्याचे शास्त्रीय नाव पायथन बायव्हिटाटस. पूर्वी तो भारतीय अजगराचीच उपजात मानला जाई, त्यामुळे जुन्या कागदांवर पायथन मोलुरस बायव्हिटाटस असे तीन शब्द दिसतात. तिसरा शब्द गाळून नुसते पायथन मोलुरस लिहिलेला कागद घेऊ नका. भारतीय अधिकाऱ्यासमोर तो पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याचा कागद वाटू शकतो. दुकानातच पूर्ण नाव लिहून घ्या.

चीनमध्ये २००५ पासून एरहूसोबत वनखात्याचे प्रमाणपत्र असणे आवश्यक झाले. कातडे पाळलेल्या अजगराचे आहे, जंगलातल्या नाही, याची ती खातरी. त्याच नियमांत प्रवाशाला स्वतःबरोबर दोन एरहू बाहेर नेण्याची सवलत आहे. खरेदीच्या दिवशी ती तशीच लागू आहे ना, ते विक्रेत्याकडून पक्के करा. आणि ही सवलत चीनमधून निघण्यापुरती आहे. उतरता त्या देशावर ती बंधनकारक नाही. बरेच जण इथेच फसतात.

नियमित ये-जा असेल तर वाद्यांसाठीचे वेगळे साइट्स प्रमाणपत्र असते. ते तुम्ही राहता त्या देशाचे साइट्स कार्यालय देते. सिंगापूरमध्ये एनपार्क्स, हाँगकाँगमध्ये कृषी-मत्स्य-संवर्धन खाते. हे जास्तीत जास्त तीन वर्षे चालते, अनेक फेऱ्यांसाठी वापरता येते, फक्त वैयक्तिक वापर, वादन, स्पर्धा अशा कामांसाठी असते, आणि त्या काळात वाद्य विकता येत नाही. प्रत्येक सीमेवर मूळ प्रतीवर शिक्का घ्यावा लागतो. शिक्का घ्यायला विसरलात तर पुढच्या सीमेवर वाद्य कुठून आले ते सिद्ध करता येत नाही. अर्जाला वेळ लागतो, म्हणून काही महिने आधी लागा.

भारतात येताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. इथे वन्यप्राण्यांच्या भागांपासून बनलेल्या वस्तूंची आयात आयात धोरण आणि वन्यजीव कायदा या दोन्हींखाली येते. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधल्या जाती या कायद्याच्या स्वतंत्र अनुसूचीत घेतल्या, आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. “घरची वस्तू आहे, बॅगेतून आणतो” हे इथे पुरेसे नाही. तिकीट काढण्यापूर्वी वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा. दिल्ली, कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि जबलपूर इथे ती आहेत. वाद्याचे फोटो, प्रमाणपत्राची प्रत, येण्या-जाण्याच्या तारखा पाठवा आणि मिळालेले उत्तर छापून बरोबर ठेवा. उत्तर नकाराचे आले किंवा आलेच नाही, तर वाद्य घरी ठेवून या.

बरोबर ठेवायचा संच असा: खरेदीची पावती, प्रमाणपत्राची मूळ प्रत, तिचे इंग्रजी भाषांतर, वाद्याचे चारही बाजूंचे फोटो, कातड्याचा जवळून फोटो आणि ब्युरोचे पत्र. मधे विमान बदलत असाल तर त्या देशाचा नियमही पाहा, विशेषतः विमानतळाबाहेर पडणार असाल तर.

लाकडाचे थोडक्यात. महागडे एरहू शिसवीच्या कुळातल्या लाकडाचे किंवा रक्तचंदनाचे असतात. हे रक्तचंदन म्हणजे आंध्रातल्या शेषाचलम डोंगरांतलेच झाड. शिसवीच्या कुळातली लाकडे २०१७ च्या जानेवारीत दुसऱ्या परिशिष्टात आली, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये त्यातून वगळली आहेत. ब्राझिलियन शिसवी मात्र पहिल्या परिशिष्टातच आहे. रक्तचंदनाची नोंद ओंडके, लाकडाच्या कपच्या, पूड आणि अर्क यांच्यापुरती आहे, तयार वाद्यापुरती नाही. तरी पावतीवर लाकडाचे नाव असू द्या. जुन्या वाद्याच्या दांडीवर हस्तिदंताची नक्षी असेल तर मात्र ते वाद्य विमानात नेऊच नका.

विमानतळावर लपवाछपवी करायची नाही. कस्टमच्या लाल मार्गिकेतून जा, स्वतःहून सांगा, कागद पुढे ठेवा. वाद्य अडवून ठेवले तर त्याची लेखी पावती घ्या आणि आत कातडे आहे, पेटी उन्हात किंवा ओल्या जागेत ठेवू नये, असे नम्रपणे सांगा.

पॅकिंग

कडक कवचाची पेटी घ्या, बाहेरून साधारण ८५ ते ९० सेंटीमीटर लांब. केबिन बॅगेच्या ठरलेल्या मापात ही लांबी बसत नाही, पण पेटी अरुंद असल्याने वरच्या कप्प्यात मावते. विमान कंपनीला बुकिंगनंतर लगेच लिहा, पेटीची तिन्ही मापे आणि वजन द्या आणि होकार ईमेलवर घ्या. फोनवरचा होकार गेटवर उपयोगी पडत नाही. अमेरिकेच्या विमान कंपन्यांना २०१५ पासून नियमच आहे: चढताना जागा असेल तर छोटे वाद्य केबिनमध्ये घेतले पाहिजे. तिथेही लवकर चढणाऱ्यालाच जागा मिळते.

निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही तारा तीन-चार स्वर उतरवा. घोडीच्या जागेचा फोटो पुन्हा काढा. मग घोडी हलकेच उचलून वर, डब्याच्या लाकडी कडेवर सरकवा. ती तिथे बसत नसेल तर काढून डबीत ठेवा आणि कडेवर तारांखाली कापडात गुंडाळलेली पेन्सिल आडवी घाला. तारांचा दाब आता लाकडावर येतो, कातडे मोकळे राहते. तारा पूर्ण सैल करू नका. वेढे सुटतात आणि तार दांडीवर आपटून ओरखडे पडतात.

हे का करायचे? केबिनमधली हवा फार कोरडी असते, लांबच्या प्रवासात आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. कातडे आवळते. वरून घोडीचा पूर्ण दाब असेल तर ताण दोन्हीकडून येतो आणि कड उकलते.

कातड्यावर स्वच्छ सुती कापड ठेवा, त्यावर पेटीचे झाकण दाबत नाही ना ते पाहा. डब्याच्या आत काहीही कोंबू नका, मागून दाब पडून कातडे फुगते. दांडीला दोन ठिकाणी आधार द्या, डोक्याभोवती फडके गुंडाळा. गजाचे केस सैल करून तो पेटीतल्या पट्ट्याने दांडीला समांतर बांधा. आर्द्रतेचे एक पाकीट आत ठेवा, कातड्याला टेकणार नाही असे.

कात्री, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि तारांचा जादा संच चेक-इन बॅगेत. गुंडाळलेल्या पोलादी तारा सुरक्षा तपासणीत अडवल्या जाऊ शकतात.

चेक-इनमध्ये वाद्य टाकावेच लागले तर कडक पेटी जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला, सगळ्या बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर फोम, आणि पेटीच्या आत वाद्य हलवून काही खडखडत नाही ना ते ऐका. ‘नाजूक’ चे लेबल लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सुरक्षा तपासणी आणि विमानात

एक्स-रेने कातड्याला काही होत नाही. अधिकाऱ्याने उघडायला सांगितले तर पेटी स्वतः उघडायची परवानगी मागा. झाकण उघडताच पुढचा पडदा दाखवून “इथे बोट नको” एवढे सांगा. माणसाचा हात आपोआप तिथेच जातो.

वरच्या कप्प्यात पेटी कातड्याची बाजू वर करून आडवी ठेवा. तिच्यावर दुसऱ्याची बॅग चढणार नाही अशा बेताने लवकर चढा आणि कप्पा बंद होईपर्यंत लक्ष ठेवा.

पोहोचल्यावर

पेटी लगेच उघडू नका. खोलीत दोन-तीन तास बंद ठेवा, कडक थंडीतून आला असाल तर रात्रभर. मग आधी कातड्याची कड चारही बाजूंनी पाहा. ठीक असेल तर फोटो पाहून घोडी जागेवर ठेवा, गादी सरकवा आणि दोन्ही तारा आळीपाळीने, प्रत्येक वेळी साधारण एक स्वर, अशा चढवत आणा. एक तार पूर्ण सुरात आणून दुसरी सैल ठेवली तर घोडी एका पायावर दाबली जाते. या कामाला पंधरा-वीस मिनिटे द्या.

पहिल्या दिवशी हलके, मधल्या स्वरांतच वाजवा. आवाज परका वाटला तर लगेच घोडी किंवा गादी बदलत बसू नका. दोन-तीन दिवसांत कातडे तिथल्या हवेला रुळते. तेवढ्या दिवसांनीही घोडी खड्ड्यात बसलेली दिसली, तर तारा पुन्हा एक-दोन स्वर उतरवून ठेवा, वाजवताना तेवढ्यापुरत्या चढवा आणि परत गेल्यावर वाद्य कारागिराला दाखवा.